टीव्हीतली चाल, हळदीचं जातं

मागल्या महिन्यात नात सुट्टीला आल्ती. कॉलेजात हाय ती, कानात मोबाईलचे बोंडं घालून अभ्यास करती. मी भाकरी थापून राह्यले व्हते आन् ती चुलीपाशी पुस्तक घेऊन बसली व्हती. एकदम बोंडं काढले आन् माझ्याकडं पाह्यला लागली.

"आज्जी, काय म्हणून राह्यली तू?"

"कुठं काय? असंच."

"असंच न्हाई. परत म्हण."

मी परत म्हणलं. त्याला शब्द न्हाईतच, नुसतं नाकातल्या नाकात. तिनं एक बोंड माझ्या कानात घातलं आन् मोबाईलवर कायतरी दाबलं. तेच वाजलं. बारीक, किर्र, टोचणारा आवाज, पण बराबर तीच चाल. माझा हात पिठातच राह्यला. लई वर्सं झाले ते ऐकून.

"हे तुला कसं मालूम? हे जुन्या व्हिडिओ गेमचं म्युझिक हाय. कॉलेजात मला एकटीलाच आवडतं. पोरी हसत्यात मला, म्हणत्यात हे काय पीपी ऐकती."

"तुला कामून आवडतं मंग?"

"काय माहिती. हे लावलं की अभ्यास व्हतो."

"माझ्याकडून आलं तुला ते," मी म्हणलं.

तिला वाटलं आज्जी मजाक करून राह्यली. मंग मी तिला सांगत बसले तर तिनं मोबाईल माझ्या म्होरं ठिवला आन् म्हणली, बोल, मी लिहून घेती. मी शाळेत दुसरीपस्तोर. सही येती, बसची पाटी वाचता येती. म्हून हे बोललेलं हाय. तिला सांगितलं, जसं बोलले तसंच ठिव, शुद्ध करत बसू नको.

माझं माहेर मेंढरावाल्याचं. पाऊस सरला की बाप मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला निघायचा, पार शहागडापस्तोर. आम्ही लेकरं आन् माय मागं. घरात रेडिओ नव्हता, रेडिओ लावायला घरच नव्हतं म्हणा ना. गाणं म्हंजी एक बापाचा ढोल, तो सणालाच. आन् दुसरं मायच्या जात्यावरचं. ढोल मला कधी आवडला न्हाई. छातीत धडधड व्हायचं. मायचं गाणं आवडायचं, कारण ते संपायचं न्हाई. तीच चाल फिरून फिरून यायची. दाणे सरले की गाणं सरलं. मी जात्याशेजारी निजायचे, आन् चाल थांबली की जागी व्हायचे.

लगीन झालं जाफराबादच्या अंगाला एका खेड्यात. मालक भजनात मुरदंग वाजवायचे. पंचक्रोशीत त्यायच्यासारखा हात नव्हता. सप्ताह कुठंबी असला तरी माणूस बोलवायला यायचा. नव्या सुनंला नवऱ्याकडं पाहायची सोय नव्हती तवा, पण ऐकायला कोणाची बंदी? मी सैपाकघरातून ऐकायचे. हा माणूस वाजवून राह्यला म्हंजी घर उभं राहील, असं मला वाटायचं. काय संबंध ते मला आजबी सांगता येणार न्हाई.

मंग वाईट वर्सं आले. विहिरीला पाणी न्हाई, जनावराला चारा न्हाई. ते काय सांगायचं, सगळ्यांच्याच घरी तेच व्हतं. दोन पोरी घेऊन आम्ही जालन्याला आलो, जुन्या जालन्यात एका गल्लीत खोली घेतली. मालक लोखंडाच्या कारखान्यात लागले. लाल सळई यंत्रातून निघती तिथं उभं राहायचं. सहा-सात वर्सं केलं. आवाज कसा व्हता ते त्यायच्या कपड्यालाबी मालूम असंल. घरी आले तरी ओरडून बोलायचे. आम्हाला वाटलं कारखान्याची सवय हाय.

एक दिवस धाकली पोरगी त्यायच्या पाठीमागं पडली. कपाळ फुटलं, मोठ्यानं रडली. मालक चहा पीत व्हते. पीतच राह्यले. मी धावत आले, पोरीला उचललं, त्यायच्या म्होरं आणलं, तवा ते दचकले. मला तिथंच समजलं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं कानात पाह्यलं आन् मान हलवली. आता हे वापस यायचं न्हाई म्हणला. कारखान्यातून काढलं, ऐकू न येणारा माणूस भट्टीपाशी नको म्हणले. त्यायचंबी खोटं नव्हतं.

नोकरी गेली त्याचं मालकाला लई वाटलं न्हाई. दुसरंच लागलं मनाला. त्या वर्षी गावाकडं सप्ताहाला गेल्तो. मालक बसले मुरदंग घेऊन, सवयीनं. कान न्हाई तर बाकीचे कुठं आले ते कसं समजणार? भजन एकीकडं आन् ठेका एकीकडं झाला. माझे चुलत सासरे मंडळीत म्होरके. त्यायनी वाजवता वाजवता मालकाच्या हातावर हात ठिवला. लागेल असं काय बोलले न्हाईत. एवढंच म्हणले, "पोरा, तू आता टाळ घे." टाळ कोणालाबी देत्यात, लेकरालाबी. मालक उठले, मुरदंग धोतरात गुंडाळला, घरी आणून खुंटीला टांगला. त्याच्यानंतर त्यायनी सणावाराला गाव केलं तरी देवळाकडं पाय वळवला न्हाई. मी कपडा काढून धूळ झटकायला गेले तर म्हणले, "हात लावू नको. कोणी मागितला तर देऊन टाक."

मी कोणाला देणार नव्हते. पण तो परत वाजंल असंबी मला वाटत नव्हतं. एवढीच एक गोष्ट मनात घेऊन मी पुढले वर्सं काढले. पैसा काय, येतो जातो.

गल्लीत एकाचं व्हिडिओ गेमचं दुकान व्हतं. तो गाव सोडून चालला व्हता. तीन टीव्ही, तीन डबे, आन् डब्यात घालायच्या कॅसेटी. मालक म्हणले, आपण घेऊ. मी तोंडासमोर जाऊन सावकाश म्हणलं, "तुम्हाला ऐकू येत न्हाई."

"गेम डोळ्यानं खेळत्यात," ते म्हणले.

घेतलं. माझ्या अंगावर जे व्हतं ते त्याच्यात गेलं, काळे मणी तेवढे राह्यले. दुकान म्हंजी बोळासारखी खोली. आत तिन्ही टीव्ही, म्होरं बाकडं. दाराशी उजेडाला माझी शिलाई मशीन, साडीला फॉल-पिको करायची. माझं तोंड गल्लीकडं आन् पाठ टीव्हीकडं. मालक आत, पोरायला कॅसेटी लावून द्यायचे, अडकली तर काढून फुंकर मारायचे. म्हून माझ्या बाबतीत असं झालं की मी ते गेम कधी पाह्यलेच न्हाईत. नुसते ऐकले. सकाळपासून दिवे लागेपस्तोर, कितीतरी वर्सं.

पयले पयले डोकं उठायचं. तीन टीव्हीचे तीन आवाज, त्याच्यात पोरायचा कल्ला. समोर कापडवाल्याच्या दुकानात सिनेमाचे गाणे. मी कपाळाला फडकं बांधून बसायचे. शेजारीण म्हणायची, "बाई, कसं सहन करता वं? माझ्या घरात असलं वाजलं तर मी टीव्ही नालीत टाकीन." बाकीच्या बायका त्याच्याहून वाईट बोलायच्या. पोरगं शोधत यायच्या, त्याचा कान धरायच्या आन् जाता जाता मलाच झाडायच्या. "तुमच्या दुकानानं पोरं वाया गेले." मी म्हणायचे, "बाई, शाळेच्या येळंला आलं तर मी दारातूनच हाकलती, ते तुमच्याच पोराला इचारा." पोरगं खाली मान घालून हो म्हणायचं. मंग तीच बाई चार दिवसांनी फॉल लावायला साडी घेऊन यायची.

एक झालं, कानाचं काम माझ्याकडं आलं. एक डाव मेला की पोरानं उठायचं, दुसऱ्याला बसू द्यायचं, असा नेम. मालकाला ऐकू येत न्हाई हे पोरायला बराबर मालूम. मेलं की गुपचूप परत बटण दाबायचे. पण मेल्याचं एक येगळं गाणं असतं, उतरत उतरत जाणारं, जिन्यावरून भांडं पडल्यावानी. मी मशीनवरूनच वरडायचे.

"ए निळ्या सदऱ्या, मेला ना तू? ऊठ मंग!"

"न्हाई मावशी, जिता हाय!"

"खोटं बोलू नको, आत्ताच मेला, मी ऐकलं."

"मावशी, तुम्ही तर पाठ करून बसल्या!"

"पाठ केली म्हून कान बंद केले का मी? ऊठ."

गल्लीतून जाणारी नवी बाई दचकायची. कोण मेलं, कोण मेलं म्हणून आत डोकवायची.

असं ऐकता ऐकता मला ते आवडायला कधी लागलं ते समजलं न्हाई. एक दिवस ध्यानात आलं की मशीनवर पाय त्याच चालीनं चालून राह्यला. आन् त्या दिवशीचा पिको असा एकसारखा आल्ता की कापडवाल्यानं इचारलं, नवी मशीन घेतली का? मंग मी ध्यान देऊन ऐकायला लागले. सगळंच चांगलं नव्हतं. रणगाड्याचा एक गेम व्हता, त्याच्यात गाणंच न्हाई, नुसती घरघर. तो लागला की माझा दिवस वाईट जायचा. एकात माणूस पाण्यात पवायचा, त्याची चाल सावकाश, झोळीवानी हलणारी. धाकलीला ती लागली की झोप यायची. एकात येळ सरत आली की तीच चाल दुप्पट जोरानं पळायची. माझाबी पाय पळायचा आन् सुई तुटायची. मालक सुई बदलून द्यायचे आन् म्हणायचे, "कोण लागलं व्हतं तुझ्या मागं?"

सगळ्यात मला आवडायची ती शिडीवाल्याची. कोणतातरी माणूस शिड्या चढून चढून वर जायचा, असं पोरं म्हणायचे. तीन ठोके जल्दी जल्दी, मंग एक झोल, जसा पाय वरच्या पायरीवर टेकवून दम घ्यावा. परत तीन, परत झोल. लहानशीच चाल, पण फिरून आली की नवीच वाटायची. नात आता मोबाईलवर लावती ती हीच.

कापडवाला मला म्हणायचा, "ताई, एक रेडिओ ठिवा, चांगले गाणे ऐका, हे काय पीपी?" मी इचार केला त्याच्यावर. गाणे त्याचेबी चांगलेच व्हते. पर सिनेमाचं गाणं त्याच्या येळंनं सुरू व्हतं, त्याच्या येळंनं सरतं. तुमचं काम झालं का न्हाई, त्याला काय पडलं? मधीच बाई रडती, मधीच माणूस हसतो, आपण त्यायच्या मागं मागं जायचं. गेमचं तसं न्हाई. ते कोणाची गोष्ट सांगत न्हाई. पोरगं खेळून राह्यलं तवर ते त्याच्यासंगं चालतं, गोल गोल, न थकता. पोरगं थांबलं की ते थांबतं. माझ्या मायच्या जात्यावरचं तसंच व्हतं. म्हून मला ते परकं वाटलं न्हाई. मी कुठंतरी बसून ते पयलेच ऐकलेलं हाय, असं वाटायचं. लोकं म्हणत्यात ज्याची त्याची आवड. आवड काय बाजारात मिळती का? ज्या गाण्यानं आपलं काम करून दिलं ते आवडतं. माझं तरी असंच हाय.

आता मालकाचं सांगती. तीन टीव्हीतला एक जुना, मोठा, लाकडी पेटीचा व्हता. मालक त्याच्याशेजारी उभे राहायचे, आन् हात वर ठिवायचे, जसं कोणी बैलाच्या पाठीवर ठिवतं. मला वाटायचं टेकले असतील. एकदा दोरा संपला म्हून मागं वळले तर पाहते काय, त्यायचे बोटं हलून राह्यले. तीन जल्दी, एक झोल. शिडीवाला लागला व्हता. लाकडातून त्यायला ते हाताला लागत व्हतं.

मी जाऊन खुणंनं इचारलं, काय वाजवून राह्यले?

हात झटकन काढला. "माशी बसली व्हती," म्हणले.

मी मनात म्हणलं, तीन जल्दी एक झोल उडणारी माशी हाय ही. परत मशीनवर बसले. त्याच्यानंतर मी मागं पाह्यचंच बंद केलं, त्यायला लाज वाटू नये म्हून. पण कोणतंबी पोरगं बसलं की शिडीवाली कॅसेट लावा म्हणायचे. पोरं म्हणायचे, मावशी, ती जुनी झाली. मी म्हणायचे, लाव, एक डाव जास्ती खेळ.

एकदा दुपारी दुकान रिकामं व्हतं. मालक सोताहून आले आन् इचारलं, "ती जी चाल हाय, तीनवाली. ती खुशीची हाय का उदास?"

एवढ्या वर्सात त्यायनी आवाजाचं काय इचारलं नव्हतं. मी त्यायच्या पाठीवर बोटानं वाजवून दाखवली, सगळी, पयल्यापासून. मंग म्होरं येऊन म्हणलं, "खुशीची. पर नाचणारी न्हाई, चढणारी."

त्यायनी मान हलवली. "मलाबी तसंच लागलं," म्हणले.

पुढं घरोघर कॉम्प्युटर आले, मंग मोबाईल. पोरं यायचे बंद झाले. टीव्ही भंगारात गेले, लाकडीबी गेला. त्या दुकानावर दोन पोरी शिकवल्या, एकीचं लगीन जमलं, कोणाच्या दारात हात पसरला न्हाई. हे मी मान वर करून सांगती. आम्ही गावाकडं वापस आलो. वाट्याचं थोडं रान व्हतं, घर व्हतं, आन् खुंटीवर मुरदंग तसाच व्हता.

थोरलीचं लगीन गावातच. आमच्याकडं लग्नाच्या आधी जात्याची पूजा करत्यात, आंब्याचं पान बांधत्यात, आन् पाच सवाष्णी मिळून हळकुंडं दळत्यात. पयली ओवी नवरीच्या मायनं उचलायची, बाकीच्यांनी झेलायची, म्हंजी तिच्या मागं म्हणायची. त्याच्यात दोन नेम हायेत. चाल घराची पायजे, म्हंजी सासूची, तिच्या सासूची. आन् हळदीचं जातं एकदा फिरलं की हळद सरेपस्तोर थांबवायचं न्हाई, उचललेली चाल मधी बदलायची न्हाई. अपशकुन धरत्यात.

सासूबाई गेल्या व्हत्या. त्यायची चाल नणंदेला पाठ. नणंद माझ्याहून मोठी, तिला मी आक्का म्हणती. जिभंला धार. सकाळीच मला म्हणली, "वैनी, शहरात राहून चाल इसरल्या तर न्हाई ना? न्हाईतर मी उचलती."

"आक्का, माझी लेक हाय, मीच उचलीन."

सकाळपासून मी सासूबाईची चाल मनात घोकून राह्यले व्हते. पडवीत जातं मांडलं. म्होरं मांडवात माणसं तोरणं बांधून राह्यले, मालक ओट्यावर बसून दोऱ्याला पानं ओवून राह्यले. मी खुंटा धरला, जातं फिरवलं, आन् तोंड उघडलं.

हळद दळते बाई, पिवळे झाले हात,
लेकीच्या मांडवाला उजेड दिवसरात.

शब्द बराबर व्हते. चाल शिडीवाल्याची व्हती.

दुसरी ओळ सरली तवा माझ्या ध्यानात आलं. हातानं खुंटा धरला आन् हाताला मशीनची सवय आठवली, असं झालं असंल. पण आता काय? जातं फिरलं व्हतं. थांबवायचं न्हाई, बदलायचं न्हाई. झेलणाऱ्या बायका एकमेकीकडं पाह्यला लागल्या. एक झोलावर अडखळली, दुसरी हसली.

आक्का म्हणली, "वैनी, ही कोणत्या गावची चाल वं? आमच्या मायची तर न्हाई."

मी बोलू शकत नव्हते, गाणं चालू व्हतं. नुसतं तिच्याकडं पाह्यलं आन् दुसरी ओवी उचलली, त्याच चालीत. करता काय?

"आता गं बाई! जातं का शिलाई मशीन?" आक्का म्हणली, आन् पडवीभर हशा झाला. नवरी मुलगी कोपऱ्यात बसली व्हती. तिनं तोंडावर हात धरला, कारण तिनं वळखली व्हती. ती त्या दुकानातच वाढलेली.

पण चाल लहान हाय. दोन-तीन डाव फिरून आली तशी बायकांच्या हातात बसली. तीन जल्दी, एक झोल. सगळ्यांचे हात झोलाला थांबायचे, मंग जातं पुढं सरकायचं. आता जातंच ती चाल चालून राह्यलं व्हतं.

मालकाला यातलं काय ऐकू येत नव्हतं. बायका हसून राह्यल्या म्हून त्यायनी वर पाह्यलं. माझ्या हाताकडं पाह्यलं. पाहतच राह्यले. हातातलं पान खाली पडलं. मंग उठले, पडवीत आले, आन् शेजारी धान्याची पत्र्याची कोठी व्हती तिच्यावर बोटं टेकवले. तीन जल्दी, एक झोल. बराबर. माझ्या हातासंगं.

"दादा, तुला काय झालं?" आक्का म्हणली. मंग तिनं त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. तिचा भाऊ व्हता तो. तिनं हात धुतले न्हाई, पुसले न्हाई, तशीच पिवळ्या हातानं आत गेली आन् खुंटीवरचा मुरदंग घेऊन आली. त्याच्या मांडीवर ठिवला.

किती वर्साचा वाळलेला! एका बाजूला ओली कणीक लावावी लागती, तवा तो बोलतो. वाद्या ढिल्या पडल्या व्हत्या, त्या ताणायच्या. मालक हातोडी मागून राह्यले, कोणी कणकीची परात आणून राह्यलं. आन् इकडं हळद सरत आली! शेवटचे हळकुंडं जात्यात गेले व्हते. हळद सरली की जातं थांबणार, गाणं थांबणार. थांबलं की तो माणूस उठून जाणार, मला मालूम व्हतं. मी आक्काकडं पाह्यलं.

आक्कानं कोनाड्यातली सैपाकाची हळकुंडं उचलली, वर्साचा साठा, आन् मूठ मूठ जात्यात घालायला लागली.

"आक्का, एवढी हळद कोणाला?" शेजारीण म्हणली.

"नवरीला. लई काळी हाय," आक्का म्हणली. पोरगी गोरीपान.

आम्ही दळत राह्यलो. हात भरून आले. मी ओव्या रचत राह्यले, असलेल्या सरल्या तसं नवं घालत गेले, नवऱ्या मुलाच्या मिशीपस्तोर पोचले. मंग मालकानं कणकीवर तळवा थोपटला, एकदा माझ्या हाताकडं पाह्यलं, आन् थाप मारली.

मी सांगू शकत न्हाई तो आवाज. सैपाकघरातून ऐकायचे तोच हात व्हता. कानानं न्हाई, डोळ्यानं वाजवून राह्यले व्हते. एक ठोका इकडचा तिकडं झाला न्हाई. बायका हसायच्या थांबल्या आन् मोठ्यानं झेलायला लागल्या. मी रडले न्हाई, मला रडायची सवय न्हाई, आन् ओवीबी म्हणायची व्हती. पण त्या दिवशी मला जसं वाटलं तसं मी राणी असते तरी वाटलं नसतं.

मुरदंग ऐकून चुलत सासरे मांडवातून आले. त्यायनीच तो हात थांबवला व्हता ना. पडवीच्या पायरीपाशी उभे राह्यले, हळद सरेपस्तोर. जातं थांबल्यावर मालकापाशी आले, तोंडासमोर बसले आन् मोठ्यानं म्हणले, "संध्याकाळी भजनाला येतो का?"

मालक मुरदंगाची वादी बांधून राह्यले व्हते. मान वर केली.

"काका, मला तुमचं ऐकू येत न्हाई. तुम्ही माझं ऐकणार असले तर येतो."

म्हाताऱ्यापुढं असं कोणी बोललं नव्हतं. चुलत सासरे म्हणले, "ऐकतो. पण ठेका पळवशील तर टाळ फेकून मारीन."

त्या संध्याकाळी मालक देवळात गेले. तवापासून दर एकादशीला जात्यात, आजबी. चाल त्यायच्या मागं चालती आता. चुलत सासरे थकले तरी त्यायच्या समोर टाळ घेऊन बसायचे, हात दिसंल असे. बाकीचेबी तसेच बसायला लागले, मुरदंगाकडं तोंड करून, गोल. आक्काचं सांगायचं राह्यलं. ती आता तिच्या गावात लग्नाला शिडीवाल्याचीच चाल उचलती आन् सुनांना सांगती, ही आमच्या घराची हाय. मी खोडून काढत न्हाई. हायेच.

एका सप्ताहाला दुसऱ्या गावची मंडळी आल्ती. त्यायच्यातला एक म्हणला, "तुम्ही कसे हो, निम्मे लोकं देवाकडं पाठ करून बसत्यात?"

आमचे चुलत सासरे टाळ न थांबवता म्हणले, "देवाला ऐकू येतं. ह्याला दिसावं लागतं." आन् मालकाकडं पाहून पुढला अभंग उचलला.